हरण्याचे पैसे कोण घेतो?

संध्याकाळी साडेसातला के. आर. पुरमचा झुलता पूल ओलांडणे हे एक दिव्यच आहे. व्हाइटफील्डकडून परतणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या, टिन फॅक्टरीच्या चौकात अडकलेल्या रिक्षा आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून ऐटीत निघून जाणारी मेट्रो. २०२३ च्या मार्चमध्ये ही मेट्रो व्हाइटफील्डपासून के. आर. पुरमपर्यंत सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये पुढे बैयप्पनहळ्ळीला जोडली गेली आणि बंगळुरूच्या या पूर्वेकडच्या उपनगरातल्या नोकरदारांना जेवणाच्या वेळेला घरी पोचण्याची आशा वाटू लागली.

इथल्या एखाद्या मराठी घराची कल्पना करावी. घर मूळचे कोल्हापूरचे असेल, सोलापूरचे असेल, नाहीतर बेळगावचे. आई-बाबा दोघेही संगणकाच्या कंपनीत, मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत. कुकरची तिसरी शिट्टी झाली आहे, आई कांदा चिरते आहे. आतल्या खोलीतून जुन्या इंग्रजी सिनेमात असते तसे ट्रंपेट आणि ड्रमचे संगीत ऐकू येते. ते मिनिटभर चालते, मग धप्प असा आवाज होतो आणि मुलगा चिडून सुस्कारा टाकतो. पुन्हा तेच संगीत, पुन्हा धप्प. हे गेला पाऊण तास चालले आहे.

"अरे, किती वेळा मरशील?" आई स्वयंपाकघरातून विचारते.

"आई, थांब ना! बटाटा झाला, कांदापण झाला. गाजराने मारलं."

आईच्या हातातली सुरी क्षणभर थांबते. मुलगा भाजीबद्दल बोलत नाही, हे तिला कळते; पण तो नेमके कशाबद्दल बोलतो आहे, हे विचारायचे आज पुन्हा राहून जाते. तिच्या मनातला खरा प्रश्न वेगळाच असतो. वर्तमानपत्रात रोज काही ना काही येते. कुणाच्या मुलाने मोबाइलवर खेळता खेळता वडिलांच्या खात्यातले पैसे उडवले, कुणी अभ्यास सोडला. आपलाही त्याच वाटेवर तर नाही?

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर आधी त्या गाजराकडे बघायला हवे.

खेळाचे नाव 'कपहेड'. कॅनडातल्या चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉवर या दोन भावांनी तो तयार केला आणि २९ सप्टेंबर २०१७ रोजी तो बाजारात आला. गोष्ट अगदी बाळबोध आहे. कपासारखे डोके असलेला एक मुलगा आणि मगासारखे डोके असलेला त्याचा भाऊ. दोघे किटलीचे डोके असलेल्या आजोबांजवळ राहतात. आजोबांनी नको म्हटलेल्या रस्त्याने ते जातात आणि सैतानाच्या जुगारखान्यात पोचतात. सुरुवातीला जिंकत सुटतात. मग सैतान स्वतः समोर येतो आणि म्हणतो, आता एकच डाव. जिंकलात तर सगळी दौलत तुमची, हरलात तर तुमचे आत्मे माझे. फासे पडतात आणि दोन्हींवर एकेकच. द्यूताची ही कथा आपल्याला काही नवी नाही! हातापाया पडल्यावर सैतान एक सवलत देतो. त्याचे जे कर्जदार पळून गेले आहेत, त्यांच्याकडून करारपत्रे वसूल करून आणा, मग बघू. हे कर्जदार म्हणजेच खेळातले शत्रू. त्यांच्याशी एकामागून एक झुंजायचे. शेतातल्या भाज्यांची टोळी ही अगदी पहिल्या झुंजींपैकी एक. बटाटा तोंडातून मातीचे गोळे फेकतो, कांदा रडायला लागला की आभाळातून अश्रूंचा पाऊस पडतो आणि गाजर कपाळावरच्या तिसऱ्या डोळ्यातून वर्तुळे सोडत राहते.

कपाच्या हाती शस्त्र म्हणाल तर बोट. बोटातून गोळ्या सुटतात. उडी मारायची, वाकायचे, झपकन बाजूला सरकायचे, गुलाबी रंगाची वस्तू दिसली तर तिच्यावर नेमक्या क्षणी थाप मारायची. एवढेच. मात्र तीनदा मार बसला की खेळ खलास. मधे थांबायला जागा नाही. झुंज साधारण दोन मिनिटांची. पण पावणेदोन मिनिटे टिकून शेवटच्या पंधरा सेकंदांत चूक झाली, तरी पहिल्यापासून सुरुवात. शत्रूच्या खेळी ठरावीक असल्या तरी त्यांचा क्रम दरवेळी बदलतो, त्यामुळे घोकंपट्टी फार उपयोगी पडत नाही. बाजारात येण्याच्या महिनाभर आधी अमेरिकेतल्या एका अनुभवी पत्रकाराने हा खेळ खेळून बघितला. तो सव्वीस मिनिटे पहिल्या टप्प्यांतच धडपडत राहिला. ती चित्रफीत त्याने स्वतःच प्रसिद्ध केली आणि जगभर त्याची यथेच्छ टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढे गाजराला हरवले, ते बाहेर आले नाही म्हणा!

असा जीव काढणारा खेळ कुणी मुद्दाम का बनवावा, असे कुणालाही वाटेल. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१९८० च्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात व्हिडिओ गेमची पार्लर निघाली, ती अनेकांना आठवत असतील. उभे कपाटासारखे यंत्र, त्यात नाणे किंवा टोकन टाकायचे. दोन-तीन मिनिटांत खेळ संपायचा आणि मागे उभा असलेला मुलगा पुढे सरकायचा. ही यंत्रे इतकी अवघड असायची, कारण दर मरणामागे मालकाच्या पेटीत एक नाणे पडत असे. मुलगा फार वेळ जगला, तर धंदा बुडाला. फारच लवकर मेला, तर तो चिडून निघून जाणार. या दोहोंच्या मधला बिंदू शोधण्यात जपानी आणि अमेरिकी कंपन्यांची बरीच बुद्धी खर्ची पडली.

पुढे खेळ घरच्या टीव्हीवर आला, तरी तो अवघडपणा तसाच राहिला. एक तर अनेक खेळ पार्लरमधूनच आलेले. शिवाय कॅसेटची जागा लहान, त्यात मावणारा खेळ सरळ खेळला तर तासाभरात संपेल, मग घेणाऱ्याला पैसे वसूल झाल्यासारखे कसे वाटणार? आणि परदेशात कॅसेट भाड्याने मिळू लागल्यावर काही कंपन्यांना आणखी एक धास्ती वाटू लागली. शनिवार-रविवारच्या भाड्यात पोराने खेळ पुरा केला, तर विकत कोण घेईल? करा आणखी अवघड.

आज चाळिशी ओलांडलेल्या पिढीने यातला एक खेळ हमखास खेळलेला असतो, तो म्हणजे 'कॉन्ट्रा'. कोनामी या जपानी कंपनीचा हा खेळ १९८७ साली पार्लरमध्ये आणि १९८८ साली घरच्या यंत्रावर आला. आपल्याकडे तो कुठल्या कुठल्या नकली कॅसेटमधून घरोघरी पोचला. उघड्या अंगाचे दोन शिपाई, तीन जीव आणि एक गोळी लागली की एक जीव गेला. त्यातली ती प्रसिद्ध युक्ती होती: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, मग बी आणि ए. तीन जिवांचे तीस व्हायचे! ही युक्ती मुळात काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्याच माणसाची. १९८६ साली 'ग्रॅडियस' नावाचा खेळ घरच्या यंत्रासाठी तयार करताना त्याला तो तपासून बघायचा होता. पण खेळ इतका कठीण की त्याला स्वतःलाच शेवटपर्यंत जाता येईना. म्हणून त्याने आपल्या सोयीसाठी ही चोरवाट ठेवली आणि ती तशीच राहून गेली. हाशिमोतो २०२० साली वारला, तेव्हा जगभरच्या मध्यमवयीन माणसांनी बटणांचा तो क्रम लिहून त्याला निरोप दिला. बनवणाऱ्यालाच जो खेळ झेपत नाही, तो दहा वर्षांच्या मुलांना विकला जात होता, हेही या निमित्ताने ध्यानात यावे.

मोल्डनहॉवर बंधू याच खेळांवर वाढले. त्यांचे दुसरे वेड म्हणजे १९३० च्या दशकातली हलती चित्रे, अमेरिकेतल्या फ्लायशर बंधूंच्या 'पॉपाय' आणि 'बेटी बूप'च्या काळातली. त्यांत माणसांचे हातपाय रबरासारखे लांबतात आणि फुलांपासून घरांपर्यंत सगळे तालावर डुलते. १९३६ सालच्या एका जपानी प्रचारपटात कपाचे डोके असलेला माणूस रणगाड्यात बदलतो, असे एक चमत्कारिक दृश्य आहे. त्यावरून त्यांना नायक सुचला. २०१० साली काम सुरू झाले, तेही नोकरी सांभाळून, फावल्या वेळात. पुढे २०१४ साली एका मोठ्या प्रदर्शनात खेळाची काही सेकंदांची झलक दिसली आणि लोकांनी ती उचलून धरली. तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. हौस म्हणून लहानसे काहीतरी करून मोकळे व्हायचे, की मनात आहे ते पूर्ण करायचे? दोघांनी नोकऱ्या सोडल्या, घरे गहाण टाकली आणि माणसे घेतली.

त्यांच्या मनात जे होते, ते ऐकून कुठल्याही हिशेबनीसाला घाम फुटला असता. संगणकावर चटकन होण्यासारखे काम त्यांनी जुन्या पद्धतीने करायचे ठरवले. प्रत्येक हालचाल कागदावर पेन्सिलीने काढायची, एका सेकंदाला चोवीस चित्रे. मग ती शाईने गिरवायची. चॅडच्या पत्नीने, माया मोल्डनहॉवरने, शाईचे हे काम अंगावर घेतले. पार्श्वभूमी जलरंगात हाताने रंगवलेली. संगीत क्रिस्टोफर मॅडिगनचे, आणि तेही खऱ्याखुऱ्या वादकांचा जॅझचा ताफा बसवून ध्वनिमुद्रित केलेले. रंग तेवढा संगणकावर भरला. मुलगा आतल्या खोलीत ज्या गाजराकडून मार खातो आहे, ते गाजर असे एकेका कागदावर कुणीतरी बसून काढलेले आहे.

खेळ चालला नसता तर घरे गेली असती. तो चालला. पहिल्या दोन आठवड्यांत दहा लाख प्रती विकल्या गेल्या, २०१९ च्या सप्टेंबरपर्यंत पन्नास लाख. २०१७ च्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याला तीन बक्षिसे मिळाली. २०२२ साली खेळाचा पुढचा भाग आला आणि नेटफ्लिक्सवर मालिकाही आली.

पण इतक्या अवघड खेळावर लोक का भाळले? नुसत्या चित्रांवर माणूस तासभर भाळेल, शंभर वेळा मार खाणार नाही.

त्याचे उत्तर हरल्यानंतरच्या पडद्यात आहे. कप मेला की शत्रूचे चित्र आणि त्याचा एक खवचट टोमणा दिसतो. त्याखाली एक रेघ उमटते. रेघेच्या एका टोकाला सुरुवात, दुसऱ्या टोकाला झेंडा, आणि कपाची छोटी आकृती त्या रेघेवरून धावत जाऊन जिथे मेलात तिथे थांबते. झुंजीच्या वेळी शत्रूची किती ताकद उरली, हे कुठेच दाखवलेले नसते. ते कळते फक्त मेल्यावर. काल अर्ध्यापर्यंत पोचलो होतो, आज पाऊणपर्यंत. गेल्या वेळी झेंड्याला नख लागायचे तेवढे बाकी होते! गणिताचा पेपर तपासून हातात देताना मास्तरांनी नुसता भोपळा न देता कितव्या पायरीवर चुकले ते लाल शाईने दाखवावे, तसे हे आहे. आणि लगेच एक बटण दाबले की खेळ पुन्हा सुरू. वाट बघायची नाही, जाहिरात बघायची नाही.

याच जातीचा 'सुपर मीट बॉय' नावाचा दुसरा एक खेळ २०१० साली आला होता. एडमंड मॅकमिलन आणि टॉमी रेफेनेस या दोनच माणसांनी तो केला. त्यात तर आणखी गंमत आहे. एकदाची पायरी पार झाली की तुमच्या आधीच्या सगळ्या धडपडी एकाच वेळी पडद्यावर धावताना दिसतात. पन्नास जण निघतात, एकेक करत एकोणपन्नास गळतात आणि एक पोचतो. मोल्डनहॉवर बंधूंना आपल्यालाही काही करता येईल, ही उमेद याच खेळाच्या यशाने दिली.

म्हणजे अवघड आणि अन्यायी यांत फरक असतो, आणि मुलांना तो मोठ्यांच्या आधी कळतो. गाजराने मारले तर चूक आपली होती, हे आठवीतल्या मुलाला पक्के ठाऊक असते. 'कपहेड'मध्ये सोपा मार्गही ठेवला आहे, पण त्या मार्गाने जिंकल्यास करारपत्र हाती लागत नाही, आणि सगळी करारपत्रे असल्याशिवाय शेवटचा सामना खेळताच येत नाही. ही अट काहीशी निष्ठुर वाटते. ज्यांची बोटे तेवढी चपळ नाहीत, त्यांनी पैसे देऊन अर्धीच गोष्ट का बघावी? या तक्रारीत तथ्य आहे.

आता आईच्या मूळ प्रश्नाकडे. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या खेळांत पार्लरचे ते नाणे परत आले आहे, फक्त दिसत नाही. २०१२ साली आलेला 'कँडी क्रश' घरोघरच्या मावश्या-काकूंनीही खेळलेला आहे. त्यात पाच जीव मिळतात. ते संपले की दर अर्ध्या तासाला एक नवा जीव. घाई असेल, तर पैसे द्या आणि घ्या. तिथेही पायऱ्या अवघड असतात, पण त्या अवघडपणाचे भाडे खेळणाऱ्याच्या खिशातून वसूल होते. 'कपहेड'मध्ये एक दुकान आहे, पण तिथे खेळात वाटेवर सापडलेली नाणीच चालतात. खऱ्या पैशांनी तिथे काही घेता येत नाही. खेळ विकत घेताना एकदा पैसे दिले की पुढे दोनशे वेळा मरा, नाहीतर दोन हजार वेळा. तुमच्या मरण्यातून कॅनडातल्या त्या भावांना एक पैसाही जास्त मिळत नाही. तेव्हा मुलाला "किती वेळ खेळतोस?" हे विचारावेच, पण त्याच्या जोडीला "तू हरलास की पैसे कुणाला मिळतात?" हेही एकदा विचारून बघावे. उत्तर द्यायला तो अडखळला, तर फोन हातात घेऊन बघायची वेळ झाली.

आणि पैसे लावून खेळायचे खेळ ही तर याच्याही पुढची पायरी. त्यांत हरण्याचा आकडा सरळ बँकेच्या पासबुकात उमटतो. कर्नाटक सरकारने २०२१ साली पोलिस कायद्यात दुरुस्ती करून असे ऑनलाइन खेळ बंद केले. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १४ फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतली बंदीची कलमे रद्द केली. कौशल्याचा खेळ कुठला आणि नशिबाचा कुठला, यावर तिथे बराच खल झाला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभरासाठीच कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला मंजुरी दिली. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळवणे, त्याची जाहिरात करणे आणि त्यासाठी बँकांनी व्यवहार करणे या सगळ्यालाच त्याने मनाई केली आहे. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि साध्या करमणुकीच्या खेळांना उत्तेजन देण्याचीही भाषा आहे. जुगारखान्यात आत्मा हरलेल्या कपाची गोष्ट मुलाला माहीत असेल, तर हा कायदा त्याला समजावून सांगायला फार वेळ लागू नये.

मात्र पैसे जात नाहीत म्हणून आईने निर्धास्त व्हावे असेही नाही. पाऊण तासाचा दीड तास कधी झाला, ते कळत नाही. "आता शेवटचं" हे वाक्य ज्यांच्या घरी ऐकू येत नाही, असे पालक विरळाच. बंगळुरूलाच होसूर रस्त्यावर निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे २०१४ पासून 'शट क्लिनिक' चालते. मोबाइल, इंटरनेट आणि व्हिडिओ गेम यांच्या आहारी गेलेल्यांना तिथे मदत मिळते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली मान्य केलेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या व्यसनाची नोंद केली आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. पण ती व्याख्या वाचून बघण्यासारखी आहे. नुसते तास मोजून निदान होत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडून खेळच पहिला येणे आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, हे सारे साधारण वर्षभर दिसावे लागते. मुलगा मित्रांकडे जातो का, जेवायला येतो का, चाचणीच्या आदल्या दिवशी यंत्र बंद करतो का, हे आईला डॉक्टरांच्या आधी दिसते.

या खेळाच्या बाबतीत एक सोपी सोयही आहे. झुंज दोन मिनिटांची असल्याने "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणण्याची गरज नसते. मधेच बंद केले की मुलाची चिडचिड होते, ती बऱ्याचदा रास्त असते. चालू असलेला डाव संपला की उठायचे, एवढे घरात ठरवले तर ते पाळता येते. दोन मिनिटांनी वरण काही गार होत नाही.

जाता जाता एक गोष्ट. या घरातले बाबा ज्या शहरात नोकरी करतात, तिथे व्हिडिओ गेमचे काम बरीच वर्षे चालते. राजेश राव यांनी १९९७ साली बंगळुरूत 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' काढली, ती या धंद्यातली देशातली अगदी सुरुवातीची कंपनी. परदेशातल्या मोठ्या खेळांसाठी गाड्या, घरे, झाडे असे चित्रकाम इथून होत गेले. २०१९ साली 'ग्रँड थेफ्ट ऑटो'वाल्या रॉकस्टारने ती विकत घेतली. स्वतःचा खेळ स्वतःच्या हिमतीवर काढणारे त्या मानाने थोडे. त्यांच्यापैकी एक पुण्यात निघाले. 'नॉडिंग हेड्स गेम्स'च्या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ केला. प्राचीन भारतातली, डोंबाऱ्याचे खेळ करणारी एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, अशी त्याची कथा. २०१७ साली त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागून बघितली. ती पुरेशी जमली नाही. तरी काम रेटून २०२० साली खेळ पुरा केला आणि त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. 'कपहेड'इतका तो अवघड नाही. पण लोकवर्गणी फसल्यावर पुढची तीन वर्षे काम चालू ठेवणे किती अवघड गेले असेल, याचा अंदाज घर गहाण ठेवलेल्या कुणालाही करता येईल.

तर, के. आर. पुरमच्या त्या घरात बाबा आता पोचले आहेत. बूट काढता काढता त्यांच्या कानावर ते संगीत पडते. ते आतल्या खोलीत डोकावतात, दुसरे कंट्रोलर उचलतात. कॉन्ट्राची सगळी कॅसेट एकेकाळी त्यांना पाठ होती, असे ते मुलीला सांगतात. खेळ सुरू होतो. दहाव्या सेकंदाला मातीचा तिसरा गोळा लागतो आणि बाबांचा मग मरतो. त्याचे पांढरे भूत तरंगत वर जाऊ लागते.

"बाबा, घाबरू नको, आलो!" मुलगा ओरडतो. दोघे मिळून खेळताना एक मेला, तर त्याचे भूत पडद्याबाहेर जाण्याआधी दुसऱ्याने उडी मारून त्याला थाप द्यायची असते, म्हणजे तो पुन्हा जिवंत होतो. मुलाचा कप बटाट्याचा मारा चुकवत उडी घेतो. बाबा जिवंत होतात. पाच सेकंदांनी पुन्हा मरतात. मुलगी पोट धरून हसते. असे चार वेळा होते. मग दोघेही एकदमच मरतात, आणि रेघेवरची आकृती धावत जाऊन कांद्यापाशी थांबते.

"वर-वर-खाली-खाली चालत नाही का रे यात?" बाबा विचारतात.

"नाही."

आई दारात उभी असते. जेवायला बोलवायला आलेली. ती पडद्यावरच्या त्या रडक्या कांद्याकडे जरा वेळ बघते, ओला हात पदराला पुसते आणि पुढे येते.

"पानं मांडलीत. आण इकडे ते, एकदा मला बघू दे त्या कांद्याकडे."